भांड्यातल्या मेणबत्तीची वात बुडाशी बसवणे

भांड्यात ओतलेल्या मेणबत्तीची वात उभी राहते ती बुडाशी चिकटवलेल्या धातूच्या चकतीच्या आधारावर. सुट्या, उभ्या मेणबत्तीत घट्ट मेणच वातीला चहूबाजूंनी धरून ठेवते. भांड्यासाठी मात्र मुद्दाम मऊ मेण घेतात. ते साधारण ५० ते ५७ अंश सेल्सियसला वितळते आणि जळताना काठापर्यंत पातळ व्हावे अशीच अपेक्षा असते. वरचा आधार असा तासातासाला नाहीसा होत असताना वातीला धरणारी एकच जागा उरते, ती म्हणजे तळ. तिथे ती सुटली की पातळ मेणात सरकते आणि एका बाजूला कलते. मग ज्योत काचेला चाटू लागते आणि एकाच अंगाने तापलेली काच तडकते.

वसई-विरार पट्ट्यात या कामाला हंगाम आहे. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, पापडी, गास, निर्मळ, नंदाखाल, आगाशी अशा गावांतल्या दफनभूमींत संध्याकाळी थडग्याथडग्यावर मेणबत्त्या लागतात. पाऊस संपलेला असतो, पण खाडी आणि समुद्र जवळ असल्याने वारा थांबत नाही. उघडी मेणबत्ती या वाऱ्यात एका अंगाने ओघळते आणि विझते. काचेच्या ग्लासात ओतलेली टिकते, म्हणून पुष्कळ घरी जॅमच्या बाटल्या आणि चहाचे कटिंग ग्लास वर्षभर जपून ठेवलेले असतात. प्रस्तुत लेखिकेच्या घरी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात स्वयंपाकघराचा ओटा याच कामाला जातो. पुढचे विवेचन बरेचसे त्या ओट्यावरच्या अनुभवावर आधारलेले आहे.

चकती म्हणजे १५ ते २० मिलिमीटर व्यासाचा पातळ पत्रा, मध्ये वात ओवण्यासाठी उभी नळी. वात नळीत ओवून नळी पकडीने दाबून बंद करतात. या नळीची उंची दुकानात कुणी विचारत नाही, पण तिला महत्त्व आहे. मेण नळीच्या वरच्या कडेपर्यंत खाली आले की वातीला मेण मिळेनासे होते आणि ज्योत आपोआप विझते. ३ मिलिमीटरची नळी ज्योतीला जवळजवळ काचेपर्यंत नेते, ६ मिलिमीटरची तिला थोडे वर थांबवते. काचेच्या भांड्याला उंच नळीच घ्यावी. तयार चकत्या मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात मिळतात. त्या न मिळाल्यास काही जण हार्डवेअरच्या दुकानातला लोखंडी वायसर घेतात आणि वातीला खाली गाठ मारतात. वायसरला वजन असते, तो सपाट बसतो, पण नळी नसल्याने ज्योत थेट बुडापर्यंत पोचते. जाड बुडाच्या भांड्यात आणि डोळ्यांसमोर जळणार असेल तरच तो वापरावा.

भांड्याचे बूड पाहिल्याशिवाय चिकटवण्याचा विचार करू नये. जॅमच्या किंवा लोणच्याच्या बाटलीचे बूड बहुधा मध्यभागी वर उचललेले असते. त्यावर चकती ठेवली तर ती एका कडेवर डुलते आणि चिकटवण्याचा पदार्थ फक्त एका बिंदूला धरतो. अशा बाटलीला जाड थराचा, पोकळी भरून काढणारा पदार्थ लागतो. कटिंग ग्लासाचे बूड जाड आणि आतून बऱ्यापैकी सपाट, त्यामुळे दफनभूमीच्या मेणबत्तीला तो सगळ्यात सोयीचा. नारळाची करवंटी दिसायला सुंदर, पण तिचे बूड गोल असते आणि ती स्वतः पेट घेते. तिच्यात मेणाची जाडी ठेवून ज्योत वरच विझेल अशी व्यवस्था हवी. तेवढी दक्षता घेणार नसल्यास करवंटी टाळलेली बरी.

त्यानंतर स्वच्छता. लोणच्याच्या बाटलीत तेलाचा पुसट थर साबणानंतरही राहतो, म्हणून बाटली सोड्याच्या गरम पाण्याने धुऊन, वाळवून, बुडाचा आतला भाग स्पिरिटच्या बोळ्याने पुसावा. दमट हवेत काचेवर डोळ्यांना न दिसणारे बाष्प धरते. किनाऱ्यावर हे ऑक्टोबरातही घडते, त्यामुळे चिकटवण्यापूर्वी काच उन्हात किंवा कोमट तव्याजवळ थोडी गरम करून घेणे फायद्याचे. दुसरी बारीक गोष्ट चकतीची. बाजारातल्या मेण लावलेल्या वातीच्या चकतीखाली मेणाची साय असते. तिच्यावर लावलेला ग्लू धातूला न चिकटता मेणालाच चिकटतो, आणि गरम मेण ओतताच दोन्ही एकदम सुटतात. चकतीची खालची बाजू कोमट करून कोरड्या कापडाने पुसली की हा दोष जातो.

चिकटवण्याच्या पदार्थांत सगळ्यात जुना उपाय वितळलेल्या मेणाचाच: बुडाशी थेंब टाकायचा, त्यावर चकती दाबायची. उभ्या मेणबत्तीला बशीत बसवण्याची सवय इथे कामाला येते. पण ओतताना ६० ते ६५ अंशांचे मेण वरून पडले की तो थेंब पुन्हा वितळतो आणि चकती तरंगल्यासारखी सरकते. हा उपाय वापरायचाच असेल तर आधी बोटाच्या पेरापेक्षा कमी उंचीचा थर ओतून तो पूर्ण गोठू द्यावा आणि मग उरलेले मेण घालावे. काचेतून त्या थराची आडवी रेघ दिसते. भेट द्यायच्या मेणबत्तीत ती खटकते, थडग्यावर कुणी पाहत नाही.

स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या गन ग्लूच्या कांड्या सध्या सर्वांत प्रचलित आहेत. काम झटपट होते, मिनिटाभरात चकती पक्की, आणि ओतण्याच्या उष्णतेला तो टिकतो. त्याची अडचण शेवटी येते. हा ग्लू सुमारे ८० अंशांपासून मऊ पडू लागतो. मेणबत्तीच्या तळाशी बोटभर मेण उरते तेव्हा ज्योत चकतीच्या अगदी जवळ आलेली असते आणि धातू ती उष्णता सरळ खाली नेतो. त्या टप्प्यात ग्लू सैल होतो आणि सबंध रात्र नीट उभी राहिलेली वात आडवी पडते. ओतताना कशानेही धरले तरी भागते, पण चिकटवण्याचा पदार्थ निवडावा तो या शेवटच्या बोटभर मेणाचा विचार करून. दुकानदारही सहसा हे सांगत नाहीत.

त्या दृष्टीने काचेच्या खिडक्या आणि सिंक भरायला वापरतात तो सिलिकॉन सीलंट घरगुती कामात सर्वांत भरवशाचा ठरला आहे. वाळल्यावर तो दीडशे अंशांच्या पुढेही टिकतो, लवचीक राहतो आणि उचललेल्या बुडाची पोकळीही भरून काढतो. साध्या प्रकाराला वाळताना व्हिनेगरचा वास येतो. हा पदार्थ हवेतल्या बाष्पाने घट्ट होतो, त्यामुळे एरवी प्रत्येक कामात आडवी येणारी वसईची दमट हवा इथे मदतीला येते. फक्त चकती आणि काच या दोहोंतून बाष्प आत जात नसल्याने सीलंट कडेकडून आत वाळत जातो. वरून तासाभरात घट्ट दिसला तरी किमान एक दिवस, शक्यतो दोन दिवस मेण ओतू नये.

एम-सीलसारखी दोन भागांची पुटी मळून लावली तर ती वितळत नाही, पण गुळगुळीत काचेवर तिचा ताठरपणाच नडतो. मेणबत्ती विझून थंड होताना काच आणि धातू वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात आणि गोळी टक् करून सुटते. फेविकॉल पाण्यावर आधारलेला असल्याने काच आणि पत्रा यांच्यामध्ये तो नीट वाळतच नाही. फेविक्विकच्या जातीचा झटपट डिंक तर या कामात वर्ज्यच मानावा. तो उष्णतेत कमकुवत होतोच, शिवाय सुती धाग्याशी त्याची प्रक्रिया होऊन एकाएकी पुष्कळ उष्णता निर्माण होते, बोट भाजते आणि डोळ्यांना झोंबणारी वाफ निघते. आणि वात सुतीच असते.

चकती मध्यावर नेमकी बसवायला महागडे साधन लागत नाही. भांड्याचे बूड कागदावर ठेवून पेन्सिलने वर्तुळ काढावे, कापून त्याची दोनदा घडी घालावी आणि घड्यांच्या फुलीवर ठिपका करावा. हा कागद भांड्याखाली ठेवला की काचेतून ठिपका दिसतो. वातीवरून संपलेल्या बॉलपेनची रिकामी नळी सरकवायची, चकतीच्या खाली ग्लू किंवा सीलंट लावायचा आणि नळीनेच ती खाली दाबायची, म्हणजे अरुंद भांड्यात हात घालावा लागत नाही. वरचे टोक आईस्क्रीमच्या काडीला पाडलेल्या भोकातून काढून काडी तोंडावर आडवी ठेवतात. कपडे वाळत घालायचा चिमटाही तेवढेच काम करतो. वात ताणून धरावी, पण ओढू नये. ओल्या सीलंटवर थोडी ओढ पुरते आणि चकती तिरकी होते. भांडे ८ ते १० सेंटिमीटरपेक्षा रुंद असेल तर एक वात काठापर्यंत मेण वितळवत नाही. अशा वेळी दोन किंवा तीन चकत्या लावाव्यात, काठापासून आणि एकमेकींपासून सारख्या अंतरावर.

ओतण्याआधी एक साधी तपासणी: भांडे उलटे करून वातीला हलका हिसका द्यावा. चकती न हलल्यास पुढे जायला हरकत नाही. मेण थेट आचेवर वितळवू नये. पाण्याच्या पातेल्यात दुसरे पातेले ठेवून वितळवावे आणि त्यात पाण्याचा थेंब पडू देऊ नये, नाहीतर जळताना वात तडतडते. भांडे कोमट असावे, थंड काचेवर गरम मेण पडले की तिला तडा जाऊ शकतो. धार वातीवर न सोडता काचेच्या कडेने हळू सोडावी. मेण गोठताना आकसते आणि वातीभोवती खळगा पडतो. तो नंतर थोडे मेण घालून भरावा. गोठेपर्यंत काडी काढू नये. तयार मेणबत्त्या पत्र्याच्या छपराखाली किंवा बंद गाडीत उन्हात ठेवल्या तर मऊ मेण ढिले पडते आणि वात वरून वाकते. ऑक्टोबरच्या उन्हात हे दुपारभरातही होऊ शकते.

तळाशी सव्वा सेंटिमीटर मेण उरले की मेणबत्ती विझवावी. काच रिकामी करायची झाल्यास भांडे फ्रिजरमध्ये ठेवावे. आकसलेले मेण टोचून निघते. चिकटून राहिलेला थर गरम पाण्याने सैल करून कापडाने पुसावा. ते पाणी मोरीत ओतू नये, मेण नळीत गोठते. गन ग्लू गरम पाण्यातच सुटतो. सिलिकॉन मात्र पातळ पात्याने कडेकडून उचकटावा लागतो आणि त्याचा जो पुसट थर उरतो त्यावर नवा सिलिकॉन नीट धरत नाही. तो पूर्ण खरवडून, स्पिरिटने पुसूनच पुढच्या वर्षीची चकती लावावी.