डब्यातल्या मधमाश्या

"बाई, तुमच्या गिटारमध्ये मधमाश्या शिरल्यात का हो?"

दुसरीतल्या एका मुलानं भर तालमीत हा प्रश्न विचारला आणि सगळा हॉल खो खो हसला. मीही हसले, पण खरं सांगू? मनातून पार खट्टू झाले.

त्याचं असं झालं. आमच्या शाळेचं स्नेहसंमेलन जवळ आलं होतं. चौथीतली एक मुलगी पावसाचं गाणं म्हणणार होती. एरवी वर्गात तोंडातून शब्द न काढणारी ही पोर, पण गायला लागली की ऐकत राहावं! तिला साथ करायला मी माझी इलेक्ट्रिक गिटार काढली. गाण्यात ढग गडगडतात, म्हणून गिटारचा आवाजही जरा खरखरीत हवा होता. त्यासाठी माझ्याकडे इफेक्ट्स प्रोसेसर आहे. पायानं बटणं दाबायचा एक चपटा डबा. गिटारचा आवाज त्यात शिरतो आणि हवं ते रूप घेऊन बाहेर पडतो. कधी खरखरीत, कधी विहिरीतून आल्यासारखा घुमणारा.

घरी चार रात्री खपून मी आवाज जुळवला. प्रोसेसर माझ्या छोट्या गिटार ॲम्प्लिफायरला जोडला होता. शेजारी झोपलेले, म्हणून आवाज अगदी बारीक. तो भरदार वाटावा म्हणून मी खर्ज वाढवला, वरचे तीव्र सूरही वाढवले. वा! झकास!

शाळेत मात्र ॲम्प्लिफायर नेला नाही. प्रोसेसरची वायर थेट साउंडवाल्या काकांच्या मिक्सरला जोडली. (चटणीचा नव्हे हं, सगळे आवाज एकत्र करणारा!) आणि मोठ्या स्पीकरमधून निघाल्या त्या मधमाश्या. खालून ढब् ढब्, वरून झीं झीं! आमची गायिका दुसऱ्याच ओळीला थांबली.

"अगं, मोठ्यानं म्हण ना!" मी जवळजवळ ओरडलेच.

ती खाली बघत पुटपुटली, "बाई, मला माझाच आवाज ऐकू येत नाही. मी नाही गाणार." आणि कोपऱ्यात जाऊन बसली.

तेव्हा काका म्हणाले, "बाई, गिटार जरा दुसऱ्या कुणाकडे द्या आणि इकडं मागं येऊन बसा." सातवीतल्या एका मुलाला दोन कॉर्ड येत होत्या, तेवढ्या पुरे होत्या. मी शेवटच्या रांगेत, पालक बसतात तिथं बसले. चार रात्री जुळवलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकणाऱ्याच्या जागेवरून ऐकला. बाई गं! कान किटले.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मुलांनो, गिटार ॲम्प्लिफायरचा स्पीकर हासुद्धा वाद्याचाच भाग असतो. सेकंदाला साधारण ५,००० कंपनांच्या वरचे सूर त्यातून फारसे बाहेर पडतच नाहीत. म्हणून खरखरही गोड लागते. सभागृहाचे स्पीकर बारीक-मोठं सगळंच ऐकवतात, त्यामुळे झीं झीं उघडी पडते. त्यावर उपाय प्रोसेसरमध्येच होता, 'कॅबिनेट सिम्युलेशन'. म्हणजे गिटारच्या स्पीकरची नक्कल. घरी खरा स्पीकर होता म्हणून मी ती बंद ठेवली होती!

दुसरी चूक कानांची. आवाज बारीक असला की आपल्या कानांना खर्ज आणि फार तीव्र सूर कमी ऐकू येतात. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेच्या फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ साली हे मोजून दाखवलं. घरी बारीक आवाजात मी जे वाढवलं, ते हॉलमध्ये मोठ्या आवाजात दुप्पट बोचलं.

मी कामाला लागले. स्पीकरची नक्कल चालू केली. खरखर निम्म्यावर आणली. गिटारच्या सर्वांत जाड तारेची कंपनं सेकंदाला सुमारे ८२ असतात; त्याखालची निव्वळ ढबढब काढून टाकली. हॉल मुळातच घुमत होता, म्हणून प्रोसेसरमधलं घुमणंही कमी केलं. दर बदलानंतर मागं जाऊन ऐकलं. मधमाश्या उडाल्या!

पण खरं काम तर राहिलंच होतं. मी कोपऱ्यात त्या मुलीजवळ जाऊन बसले. म्हटलं, "चूक तुझी नव्हती गं, माझी होती. उगीच ओरडले तुझ्यावर. एकदा गाऊन बघतेस? याही वेळी तुझा आवाज तुला ऐकू आला नाही, तर मी गिटार पेटीत ठेवून देईन."

ती उठली. पहिल्या दोन ओळी तिनं खाली बघूनच म्हटल्या. ती गाताना मी गिटारचा आवाज उतरवला, ती श्वास घ्यायला थांबली की ढग गडगडवले. तिसऱ्या ओळीला तिनं मान वर केली आणि मग शेवटपर्यंत खाली घातली नाही. स्नेहसंमेलनातही नाही!

आता तुम्ही एक गंमत करा. घरच्यांचा मोबाइल मागून घ्या, एकच गाणं आधी स्टीलच्या पातेल्यात ठेवून वाजवा, मग पुठ्ठ्याच्या खोक्यात. गाणं तेच, पण आवाज? आणि हो, ऐकताना खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसायला विसरू नका.