मागे राहिलेली तट्टे

जो काळाने आधी, त्याचा हक्क वरचढ, हे तत्त्व आम्हां वकिलांच्या अंगी इतके मुरलेले असते की, ते कुठे मोडलेले दिसले म्हणजे आम्हांस चुटपुट लागते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ४८ वे कलम ह्याच तत्त्वावर उभे आहे, आणि बेळगावच्या न्यायालयात त्याचा कीस काढण्यात आमची वीस वर्षे गेली. तेव्हा जुन्या अमेरिकन मोटारींसारख्या आमच्या छंदाच्या विषयातही आम्ही ज्येष्ठतेचा दावा मांडून बसतो, ह्याचे वाचकांस नवल वाटू नये.

अमेरिकेत 'पोनी कार' नावाचा मोटारींचा एक वर्ग आहे. पोनी म्हणजे तट्टू. नाक लांब, पाठ आखूड, बसावयास चार जागा, आणि खालची चासी मात्र एखाद्या साध्या घरगुती मोटारीचीच. त्यामुळे बेताच्या मिळकतीच्या तरुणासही ऐट परवडे. ह्या वर्गास नाव मिळाले ते फोर्ड कंपनीच्या मस्टँगवरून, म्हणजे रानघोड्यावरून. ही गाडी १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात अवतरली आणि वर्षभरात चार लाखांहून अधिक खपली. परंतु त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेस प्लिमथची बाराकुडा बाजारात आलेली होती. सोळा दिवसांनी वडील! तरीही कुळ धाकटीच्या नावाने चालले.

असे का व्हावे, ह्याचा आम्ही पुष्कळ विचार केला आहे. बाराकुडाच्या पाठीस एकसंध वळवलेली प्रचंड काच होती, जवळजवळ साडेचौदा चौरस फुटांची. मागचे आसन दुमडले की आत एक माणूस निजेल एवढी ऐसपैस जागा होई. परंतु पुढून पाहावे तो मुखडा व्हॅलियंट ह्या काटकसरी मोटारीचा. मस्टँगही फोर्डच्या फाल्कन ह्या तशाच साध्या मोटारीच्या पोटची. पण तिने आपले माहेर झाकले, बाराकुडाने ते उघड्यावर मिरवले. पहिल्या हंगामात ती तेवीस हजारांच्या आसपासच खपली. (तिचे नाव 'पांडा' ठेवावे असे वरिष्ठांच्या मनात होते म्हणतात. तसे घडते तर आम्हीही हे वकीलपत्र घेतले नसते.) १ एप्रिल १९७४ रोजी, बरोबर दहा वर्षे भरली त्या दिवशी, तिचे उत्पादन थांबले.

१९६७ ची मर्क्युरी कूगर ही तर मस्टँगचीच सख्खी बहीण, पुढच्या-मागच्या चाकांमधील अंतरात तीन इंच लांब आणि अधिक खानदानी. तिचे पुढचे दिवे झडपांआड दडलेले, आणि वळताना मागचे तीन दिवे आतून बाहेर एकामागून एक पेटत; जणू उत्सवाच्या रात्री कोणी दीपमाळ उजळीत चालले आहे. ह्या शोभेसाठी डिकीत एक चिमुकली मोटर दांडा फिरवीत बसे. आम्हांस ही योजना फार आवडते. मर्क्युरी हे नावही २०११ च्या आरंभी मिटले.

पण आमचा खरा अशील तिसराच आहे, आणि त्याची गाठ आम्हांस आमच्याच एका चुकीमुळे पडली. काही वर्षांपूर्वी आमच्या भाचीने आम्हांस विस्कॉन्सिन राज्यातील केनोशा गावी जुन्या मोटारींचा मेळा पाहावयास नेले. मस्टँगांभोवती ही गर्दी! दूर झाडाखाली एक निळी गाडी आणि घडीच्या खुर्चीवर एक वृद्ध गृहस्थ, दोघे एकटेच. आम्ही जवळ जाऊन मोठ्या जाणकारीने विचारले, "हीदेखील मस्टँगच ना?"

गृहस्थ काही बोलले नाहीत. भाची हळूच म्हणाली, "मामा, नाव वाचा हो." गाडीवर 'जॅव्हेलिन' असे लिहिलेले होते. जन्मभर साक्षीदारांस अडचणीत टाकणारे आम्ही त्या दिवशी स्वतःच पिंजऱ्यात उभे होतो.

आम्ही क्षमा मागितली. तेव्हा ते उठले, त्यांनी बॉनेट उचलले आणि मग तासभर बोलत राहिले. जॅव्हेलिन ही अमेरिकन मोटर्स ह्या लहान कंपनीची, १९६८ सालापासूनची, आणि ती ह्याच गावात बनली. रँब्लरसारख्या काटकसरी गाड्या करणाऱ्या ह्या कंपनीस तरुण गिऱ्हाईक हवे होते. तीन धनाढ्यांच्या पंक्तीत पाट मांडून बसण्याचा तो प्रयत्न होता. ट्रान्स-अ‍ॅम शर्यतींत १९७१ आणि १९७२ अशी लागोपाठ दोन वर्षे जॅव्हेलिनने अजिंक्यपद घेतले. पहिल्या वर्षी मार्क डोनोह्यू, दुसऱ्या वर्षी जॉर्ज फॉल्मर. अलाबामाच्या महामार्ग पोलिसांनी तिला गस्तीस घेतले. पिएर कार्दँ ह्या नामांकित वेषरचनाकाराने तिच्या आसनांसाठी रंगीत पट्ट्यांचे कापड योजले. एवढे होऊनही १९७४ साली ती बंद पडली. १९८७ मध्ये क्रायस्लरने कंपनीच विकत घेतली, आणि १९८८ च्या अखेरीस केनोशात मोटारी जुळवण्याचे काम संपले. त्या दिवसापर्यंत हे गृहस्थ तिथे काचा बसवीत होते. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी लागलेले.

"ही काच तुम्हीच बसवलेली असेल," आम्ही म्हणालो.

"असेल. काचेवर नाव घालण्याची पद्धत नव्हती," ते म्हणाले.

निघताना त्यांनी आमचा व्यवसाय विचारला. तो ऐकताच ते सावरून बसले. "मग एक सांगा. आता 'जॅव्हेलिन' ह्या नावाचा धनी कोण?"

फुकट सल्ला देण्याचा आमचा परिपाठ नाही, पण तेथे आम्ही ऋणात होतो. आम्ही सांगितले की, कंपन्या हातोहात फिरल्या, त्यामुळे कागदपत्रे पाहिल्यावाचून धनी सांगता येणार नाही. परंतु तुमच्या देशाच्या कायद्याप्रमाणे व्यापारचिन्ह सलग तीन वर्षे वापरले नाही, तर धन्याने ते टाकून दिल्याचा तो प्रथमदर्शनी पुरावा ठरतो.

त्यांनी हातातील फडक्याने काचेवरचा एक ठसा पुसला.

"मी दर रविवारी वापरतो," ते म्हणाले.