पिस्त्याचं वर्ष

माझ्या बायकोचे आजोबा म्हणजे नान्नू. सिसिलियन भाषेत आजोबांना हेच म्हणतात. तरुणपणी एटनाच्या उतारावरचं ब्रोंते सोडून ते ट्युरिनच्या कारखान्यात लागले, पण वर्षं मोजायचे गावच्या पिस्त्यांवर. तिथे पिस्ते वर्षाआड काढतात, विषम साली. सम साली कळ्या खुडून झाडाला विश्रांती.

सिसिलियनमध्ये भविष्यकाळाचं वेगळं रूप नाही. 'उद्या जातो' म्हटलं की झालं. (आपण तरी वेगळं काय बोलतो?) मी सांगितलं, आमच्याकडे निघताना 'येतो' म्हणतात. तो शब्द त्यांनी उचललाच. फोन ठेवतानाही 'येतो!'

२०२४च्या डिसेंबरात हॉस्पिटलमधून व्हिडिओ कॉल आला. बायको दुभाषी. "सप्टेंबरात पिस्ते काढतो," म्हणाले. माझी मीटिंग सुरू होणार होती. 'येतो' ऐकायच्या आत मी उठलो. चार दिवसांनी ते गेले.

सप्टेंबरात आम्ही दोघं ब्रोंतेला गेलो. झाडं काळ्या लाव्ह्याच्या खडकांत, तिथे यंत्र चालत नाही, सगळं हातानेच. बोटं राळेने चिकटली, दुसऱ्या दिवशी लॅपटॉपच्या कीजही.

निघताना शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, पुन्हा कधी?

"२०२७ला येतो."