परतीच्या वाटेवरचा गंज

स्वतःच्या गाडीचा पेटलेला ब्रेकलाइट चालकाला कधी दिसत नाही. पाय पेडलवर असतो आणि डोळे समोर असतात. मागे लाल उजेड पडला की नाही, हे मागून येणाऱ्यालाच ठाऊक. ताशी ६० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे सरकते, आणि तेवढ्या वेळात ‘मी थांबतोय’ हे तिच्या चालकाला सांगायला आपल्यापाशी त्या दिव्याखेरीज दुसरं काही नसतं. म्हणून जुन्या गाडीचा हा दिवा मंदावला, कधी लागला कधी नाही लागला, तरी ‘बघू सवडीनं’ म्हणणं मला मंजूर नाही. त्याहूनही नामंजूर आहे ती दुरुस्तीची रूढ रीत: बल्ब बदला, नाही जमलं तर स्विच बदला, तरी नाही तर इंडिकेटरची उघडझाप करणारा फ्लॅशर बदला. जुन्या गाडीत दोष पुष्कळदा सुट्या भागात नसतोच. तो जोडात असतो, आणि त्यातही विजेच्या परतीच्या वाटेवर. शोध तिथून सुरू व्हावा, असं माझं म्हणणं आहे.

मारुती ८०० घ्या. १९८३च्या डिसेंबरात ही गाडी रस्त्यावर आली, २०१४च्या जानेवारीपर्यंत बनत राहिली आणि आजही तालुक्याच्या गावांतून निष्ठेनं धावते आहे. बॅटरीतून निघालेली वीज फ्यूजमधून पेडलजवळच्या स्विचपर्यंत येते, तिथून वायरीनं मागच्या दिव्यात पोचते. एवढी वाट सगळ्यांच्या लक्षात असते. पण बल्बमधून बाहेर पडलेल्या विजेला बॅटरीकडे परतायचंही असतं, आणि तो प्रवास होतो गाडीच्या पत्र्यातून. मध्ये एखादा स्क्रू, वायरीच्या टोकाचा एखादा तांब्याचा डोळा, होल्डरची पातळ पट्टी. कोकणातली खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस, दिव्याच्या चिरलेल्या रबरातून आत झिरपणारं पाणी यांचा पहिला घास म्हणजे हे जोड. गंज धरला की वीज अडते, आणि अडलेली वीज जी सापडेल ती वाट धरते. मागच्या बल्बमध्ये बहुधा दोन फिलामेंट असतात, ५ वॉटचं टेललाइटचं (टेलचं) आणि २१ वॉटचं ब्रेकचं. दोघांची परतीची वाट एकच. ती तुंबली की ब्रेकची वीज टेलच्या फिलामेंटमधून उलटी शिरते आणि टेलच्या वायरीनं दुसऱ्या दिव्यांकडे धावते. मग ब्रेक दाबला की पुढचा पार्किंगचा दिवा मिणमिणतो, इंडिकेटर टाकला की टेलही त्याच्या तालावर उघडझाप करतो. फिलामेंट तुटलेला बल्ब काळोख करतो, शेजारच्याला पेटवत नाही. म्हणून भलताच दिवा पेटताना दिसला की बल्बच्या दुकानाकडे वळण्याचं कारणच उरत नाही.

मल्टिमीटर लावून पाहिलं, होल्डरमध्ये १२ व्होल्ट व्यवस्थित येतात, असं बरेचजण सांगतात. बल्ब काढून घेतलेलं हे माप फसवं असतं. मीटर स्वतः वीज जवळजवळ ओढतच नाही, त्यामुळे एका तारेवर तगलेला जोडही त्याला धडधाकट वाटतो. २१ वॉटचा बल्ब मात्र पावणेदोन अँपिअर मागतो. पेटलेल्या अवस्थेत त्याचा रोध साधारण ७ ओहम. वाटेत गंजानं १ ओहमची भर घातली तर व्होल्टेज आठवा हिस्साच घटतं, पण उजेड जवळपास तिसऱ्या हिश्शानं उतरतो. म्हणून माप घ्यायचं ते दिवा पेटलेला असताना. कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगावं, मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी होल्डरच्या धातूला लावावी. काटा शून्याजवळ राहिला तर परतीची वाट मोकळी आहे. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर गंज तिथेच बसला आहे. स्क्रू काढून पॉलिश पेपरनं धातू उघडा करावा, घट्ट आवळावा, वरून व्हॅसलीनचं बोट फिरवावं.

यावर कुणी म्हणेल, बल्ब स्वस्त आहे, आधी तोच का बदलू नये? डाव्या-उजव्याची अदलाबदल करून जरूर पाहावं. दोष बल्बाबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर बल्बच वाईट. दोन्ही ब्रेकलाइट एकदम गेले आणि टेल शाबूत असले, तर मात्र मागे खुडबुड करण्यात अर्थ नाही, फ्यूज आणि पेडलचा स्विच पाहावा. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: एलईडी बसवा आणि मोकळे व्हा. एलईडी साध्या बल्बापेक्षा सुमारे ०.२ सेकंद आधी पेटतो, म्हणजे ६०च्या वेगाला मागच्या चालकाला तीन मीटरहून जास्त जागा मिळते. हा लाभ खरा आहे आणि तो मी नाकारत नाही. पण एलईडीला वीज इतकी थोडी लागते की तो गंजलेल्या जोडातूनही पेटतो. दोष झाकला जातो, वाढत राहतो, आणि त्याच वाटेवरचे बाकीचे दिवे मंदच राहतात. एलईडी इंडिकेटरला लावला तर जुना, तापून उघडझाप करणारा फ्लॅशर पुरेसा तापतच नाही आणि दिवा नुसता जळत राहतो. परतीच्या वाटेसाठी होल्डरपासून पत्र्यापर्यंत नवी काळी वायर ओढणाऱ्या कारागिराशी माझं भांडण नाही, ती उत्तम दुरुस्ती आहे; फक्त तिचं टोक रंगावर आवळलेलं नसावं. राहिला गाडीच भंगारात काढण्याचा सल्ला. खासगी गाडीला १५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, तेव्हा दिवेही तपासले जातात, आणि तपासलेच पाहिजेत. पण एका स्क्रूखालच्या गंजासाठी इंजिन आणि सांगाडा धड असलेली गाडी मोडणं हा न्याय नव्हे.

दुरुस्तीनंतरची तपासणी मात्र एकेका दिव्याची करून चालत नाही. टेल चालू ठेवून ब्रेक दाबावा, दाबलेल्या ब्रेकवरच इंडिकेटर टाकावा, आधी डावा, मग उजवा. सोबतीला कुणी नसेल तर रात्री गाडी भिंतीकडे पाठ करून लावावी आणि आरशात लाल कवडसे पाहावेत. एकटा दिवा अर्धवट तुंबलेल्या वाटेवरूनही निभावून नेतो. सगळे एकदम पेटले की मगच त्या जोडावर पुरा भार पडतो.