शेंदूर, जुना रंग आणि पोटातलं बाळ

पाचवा महिना लागला आणि सासरी घराला रंग द्यायचं ठरलं. साताऱ्यातलं हे घर माझ्या आजेसासऱ्यांनी बांधलेलं. सागवानी दारं, गजांच्या खिडक्या, माडीवर जाणारा लाकडी जिना. डोहाळजेवणाला पाहुणे येतील, पुढे बारसं आहे, बाळ रांगायला लागायच्या आत घर नीटनेटकं झालेलं बरं, असं सगळ्यांचं म्हणणं. त्यात माया होती, हे मलाही कळत होतं. पेंटर येऊन बघून गेले. "वहिनी, जुना ऑइलपेंट आहे, सहा-सात हात सहज असतील. सगळं खरवडून, घासून, लांबी भरून घ्यावं लागेल," असं म्हणत त्यांनी पत्तीने खिडकीच्या गजावरचा एक टवका उडवला आणि माझ्या हातात ठेवला. कडेने बघितलं तर वर क्रीम, त्याखाली पोपटी, मग निळा, मग पिवळाजर्द आणि तळाशी शेंदरी.

मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. जुन्या पिवळ्या ऑइलपेंटमध्ये लेड क्रोमेट असायचं, लोखंडाला गंज लागू नये म्हणून मारायच्या शेंदरी प्रायमरमध्ये रेड लेड असायचं. दोन्ही शिशाची संयुगं. घरगुती रंगातलं शिसं दशलक्ष भागांत ९० भागांवर नको, असा नियम आपल्याकडे २०१६मध्ये झाला आणि नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला. आमच्या खिडक्यांवरचे खालचे हात त्याच्या कितीतरी आधीचे. भिंतीला किंवा दाराला घट्ट बसलेला रंग फारसं काही करत नाही. तो कोरडा घासला की त्याची पिठासारखी धूळ होते, ती श्वासातून जाते, ताटावर बसते, फरशीवर राहते. रांगणाऱ्या बाळाचे हात फरशीवर आणि तोंडात, आलटून पालटून.

"आमची बाळंतपणं याच घरात झाली, तेव्हाही रंग होताच की," सासूबाई म्हणाल्या. त्यांचं चुकलं नव्हतं. मी म्हटलं, "आई, रंग होता, पण कुणी तो घासत नव्हतं." काम पुढे ढकलायला सगळे तयार झाले.

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांना रक्तातलं शिसं तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड हे नेहमीचं होतंच, शिसं मात्र त्या यादीत नव्हतं. त्यांनी लगेच लिहून दिलं, नमुना मुंबईला गेला. आकडा आला दर डेसिलिटरला ७ मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, ५ किंवा त्याहून जास्त असेल तर शिसं कुठून येतंय ते शोधा आणि थांबवा. अमेरिकेच्या नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रॅमने तर २०१२मध्येच म्हटलं होतं की, आईच्या रक्तातलं शिसं ५च्या खाली असतानाही गर्भाच्या वाढीवर परिणाम दिसतो, याचा पुरेसा पुरावा आहे. सुरक्षित म्हणावी अशी पातळी कुणालाच सापडलेली नाही.

घासकाम तर सुरूही झालं नव्हतं. मग हे आलं कुठून?

एक उत्तर माझ्याच हाडांत होतं. शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडांत साठवतं आणि तिथे ते दशकानुदशकं राहतं. बाळाची हाडं घडवायला कॅल्शियम लागतं तेव्हा आईची हाडं झिजतात, आणि त्याबरोबर जुनं शिसंही पुन्हा रक्तात उतरतं. वार ते अडवत नाही. बाळाच्या रक्तातलं शिसं जवळजवळ आईइतकंच असतं. माझं लहानपण पुण्यात, रहदारीच्या रस्त्याला लागून असलेल्या चाळीत गेलं. पेट्रोलमधलं शिसं आपल्याकडे २०००मध्ये बंद झालं. त्याआधी, नव्वदच्या दशकाच्या शेवटी, बंगळुरूच्या डॉ. थुप्पिल वेंकटेश यांच्या पुढाकाराने मोठ्या शहरांतल्या मुलांचं रक्त तपासलं गेलं, तेव्हा निम्म्याहून जास्त मुलांमध्ये शिसं १० मायक्रोग्रॅमच्या वर होतं. मी त्याच काळातली मुलगी. तिसरी-चौथीत असताना श्वासावाटे घेतलेला धूर माझ्या बाळापर्यंत पोचत असेल, या विचाराने मला कितीतरी रात्री झोप लागली नाही.

दुसरं उत्तर माडीवर होतं. सासरे दर शनिवारी देवघरातल्या मारुतीला शेंदूर लावतात. पारंपरिक शेंदूर म्हणजे तेच रेड लेड, खिडकीच्या गजावरचंच. पुडी स्वयंपाकघरातल्या फडताळात, हळदीकुंकवाच्या डब्याशेजारी. बाबा चिमूटभर शेंदूर तळहातावर घेत, तेलात बोटाने कालवत, मारुतीला लावत, हात फडक्याला पुसत आणि त्याच हाताने सगळ्यांना खोबऱ्याचा प्रसाद देत. बोटांच्या पेरांवरची केशरी रेघ संध्याकाळपर्यंत दिसायची. लग्न होऊन आल्यापासून तो प्रसाद मी दर शनिवारी घेत आले होते.

हे त्यांना सांगणं मला जड गेलं. ते पोस्टातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे, आणि मारुती त्यांच्या वडिलांच्या वेळेपासूनचा. मी रिपोर्ट समोर ठेवला, पुडीत काय आहे ते सांगितलं. बराच वेळ ते काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "मारुतीला तेल चालतं, रुईची पानं चालतात. शेंदूर देवळात लागतो, तिथे लागू दे." त्याच संध्याकाळी त्यांनी फडताळ ओल्या फडक्याने पुसून काढलं आणि ते फडकंही टाकून दिलं. मला वाटतं, त्या घरात माझ्या बाळासाठी इतकं मोठं कुणीच काही केलं नसेल.

बाकी उपाय साधे होते. आपल्या सरकारी दवाखान्यांतही गरोदर बाईला कॅल्शियमच्या ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रोज घ्यायला सांगतात. मेक्सिको सिटीत गरोदर स्त्रियांना रोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम देऊन बघितलं, तर त्यांच्या रक्तातलं शिसं सरासरी ११ टक्क्यांनी कमी झालं, कारण बाहेरून कॅल्शियम मिळालं की हाडांवरचा भार हलका होतो. लोह कमी असेल तर आतडी शिसं जास्त शोषतात, म्हणून लोहाची गोळीही चुकवायची नाही, फक्त कॅल्शियमबरोबर एकत्र घ्यायची नाही. आठव्या महिन्यातल्या तपासणीत आकडा ५च्या खाली आला.

मुलगा झाला, २,६०० ग्रॅमचा. अडीच किलोची रेघ त्याने जेमतेम ओलांडली. तो आणखी भरला असता का, शिशामुळे किती कमी पडलं, हे एका बाळाच्या बाबतीत कुणीच सांगू शकत नाही. असे परिणाम शेकडो-हजारो बाळांच्या सरासरीतच दिसतात. ही गोष्ट स्वीकारायला मला वेळ लागला, आणि अजूनही वाढीच्या कार्डावरची त्याची रेघ बघताना ती सलते. रेघ खालच्या बाजूने, पण सरळ वर चालली आहे. आईच्या दुधातून शिसं फार थोडं जातं, स्तनपान थांबवायची गरज नाही, हे डॉक्टरांनी ठामपणे सांगितलं तेव्हा मी रडले होते.

गरोदर बाईला सगळे 'हे खा, ते खा' सांगतात. डिंकाचे लाडू, नाचणी, तूप. घरात काय उडतंय, कशाला हात लागतोय, हे कुणी विचारत नाही. आणि विचारलंच तर तेही तिच्याच माथी मारलं जातं, जणू धूळ तिने केली. फडताळ, खिडक्या, देवघर सगळ्या घराचं असतं, तेव्हा ते निस्तरणंही सगळ्या घराचं काम आहे.

रंगाचं काम मी बाळाला घेऊन माहेरी असताना झालं. नवऱ्याने अट घातली होती: कोरडं घासायचं नाही, वॉटर पेपरने ओलं घासायचं, खाली प्लॅस्टिक अंथरायचं, झाडू मारायचा नाही, रोज ओल्याने पुसायचं. पेंटरांनी कारण विचारलं आणि ऐकून गप्प झाले. त्यांच्या बायकोला तेव्हा चौथा महिना होता. ते रोज त्याच कपड्यांत घरी जात, थोरली मुलगी दारातच गळ्यात पडे, आणि कपडे बायको हाताने धुवायची.

मी त्यांच्या घरी गेले. तिचं हिमोग्लोबिन नऊच्या खाली होतं, लोहाच्या गोळ्या पोट बिघडतं म्हणून डब्यात पडून होत्या. रात्री जेवणानंतर घ्यायला लागल्यावर त्या तिला सोसल्या. तिच्या रक्तात माझ्यापेक्षा जास्त शिसं निघालं. आता ते कामाचे कपडे वेगळ्या पिशवीत ठेवतात आणि आंघोळ करूनच मुलीला जवळ घेतात. पण मोठ्या कामांवर ते ज्या ठेकेदाराच्या हाताखाली जातात, तिथे अजून यंत्राने कोरडंच घासतात आणि अंग धुवायला नळ नाही. वॉटर पेपर, तोंडाला चांगला मास्क आणि एक नळ, एवढंच मागायला ते आणि मी त्या ठेकेदाराकडे जाऊन आलो. बघू, म्हणाला. पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा जाणार आहोत, या वेळी त्याच्याकडच्या बाकीच्या पेंटरांनाही बरोबर घेऊन.