दोनशे की साडेचारशे?

मोटारसायकल घ्यायची ठरल्यापासून मन सीसीच्या आकड्यांतच अडकलंय. हिमालयन ४५० म्हणजे ४५२ सीसी, चाळीसच्या आसपास हॉर्सपॉवर, पण वजन जवळपास १९६ किलो. एक्सपल्स २०० म्हणजे १९९.६ सीसी, एकोणीसच्या आसपास हॉर्सपॉवर आणि वजन १६० किलोच्या आत.

केजकडे जाणाऱ्या सरळ डांबरी रस्त्यावर मोठं इंजिन सुखच देईल. पण मला जायचंय नेकनूरच्या आजूबाजूच्या बालाघाटाच्या डोंगरांत. तिथं मुरूम, सुटे दगड आणि पावसात काळ्या मातीचा चिखल. तो चिखल चाक आणि मडगार्डच्या मध्ये बसला की चाक जाम होतं. मग ताकद किती, यापेक्षा गाडी उचलून ढकलता येते का, हेच महत्त्वाचं. चढावर वेग लागत नाही. पहिल्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर, चाक न घसरता मिळणारी ओढ लागते. ती छोट्या इंजिनातही मिळते, मागचं स्प्रॉकेट थोडं मोठं बसवलं की वाढतेही.

लडाखला सामान लादून जायचं असतं, तर साडेचारशेच घेतली असती. माळरानावर एकट्यानं फिरणाऱ्यानं मात्र पडलेली गाडी स्वतः उभी करता येईल, तेवढंच इंजिन घ्यावं. माझ्यासाठी दोनशेच योग्य.