चोर बाजारात सापडलेलं आईच्या वयाचं मशीन

ग्रँट रोड स्टेशनला उतरून आम्ही चालतच मटण स्ट्रीटला पोहोचलो. मुंबईच्या चोर बाजारातली ही गल्ली म्हणजे जुन्या ग्रामोफोनची, दिव्यांची, घड्याळांची आणि सिनेमाच्या पोस्टरांची दुनिया. शुक्रवारी इथली दुकानं बंद असतात, म्हणून आम्ही शनिवारी गेलो.

आईला एकच गोष्ट हवी होती. हाताने फिरवायचं, लाकडी पेटीतलं सिंगरचं शिलाई मशीन. आजीचं तसंच होतं. आईच्या कॉलेजची फी भरायला आजीने ते विकलं. त्याबद्दल आमच्या घरात कधी कुणी बोललं नाही.

तिसऱ्या दुकानात काळं, सोनेरी नक्षीचं मशीन दिसलं.

"पौने दो सौ साल पुराना है, खाला," दुकानदाराने गोल बिल्ल्यावरचा 1851 हा आकडा दाखवला.

आईने चष्मा लावला. पुढे 1951 लिहिलेलं होतं! 1851 हे सिंगर कंपनी सुरू झाली ते साल. कंपनीला शंभर वर्षं झाली तेव्हा मशीनवर हा खास बिल्ला लावला गेला.

पण बिल्ला काय, बदलताही येतो. म्हणून नंबर बघायचा. तो मशीनच्या पाट्यावर उजव्या बाजूला ठोकलेला असतो. नुसतेच आकडे असतील तर मशीन साधारण 1900 च्या आधीचं. नंतर आकड्यांपुढे अक्षरं आली. या मशीनवर 'ई'ने सुरू होणारी दोन अक्षरं होती, म्हणजे ते 1935 किंवा त्यानंतरचं, स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातलं. तो कारखाना 1980 मध्ये बंद पडला, पण तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव आजही 'सिंगर' आहे! नंबरांच्या याद्या इंटरनेटवर मिळतात. मोबाइलवर पाहिलं, तर साल 1951 च निघालं.

आता आईची परीक्षा सुरू झाली. तिने चाक स्वतःकडे फिरवून पाहिलं, कुठे अडकत नव्हतं. मग सुईजवळची पट्टी सरकवली. आत बंदुकीच्या गोळीसारखं शटल आणि त्यात लांब बॉबिन. "हेच," ती हळूच म्हणाली. तुम्हीही घ्यायला जाल तेव्हा शटल आणि बॉबिन जागेवर आहेत ना, ते आधी बघा. चिंधीवर चार टाके घालून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

साल कळल्यावर दुकानदार हसला आणि भावही उतरला.

टॅक्सीत आईने ती जड पेटी मांडीवरच ठेवली.

"1951. माझ्याच वयाचं आहे गं," ती म्हणाली. मग बराच वेळ गप्प राहिली. घर जवळ आल्यावर एवढंच बोलली, "हे मात्र विकायचं नाही. कुणाच्याच फीसाठी नाही."